वरचे दोन मजले

कळंबोली
१४ नोव्हेंबर २०२५

अक्षू,

आईचा जय भीम घे. अक्षर बघून ओळखलं असशील. तुझ्या मैत्रिणीकडून, तेजश्रीकडून पत्ता घेतला. ती देत नव्हती. म्हणाली, काकू, आधी अक्षताला विचारते. मी म्हटलं, विचारलंस तर ती नको म्हणेल, मग माझ्या हातात काहीच राहणार नाही. तेव्हा दिला. तिच्यावर रागावू नको. तुझा नंबर पप्पांनी सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावला ते तुला माहीत आहे. आणि खरं सांगू, फोनवर माझं रडणंच होईल. कागदावर थांबून थांबून लिहिता येतं.

नाशिकला थंडी पडली असेल. गरम कपडे आहेत ना. इकडे सगळे बरे. सुगतचं लग्न झालं हे तुला कळलंच असेल. मोनाली चांगली आहे, रबाळ्याची. दोघं पहिल्या मजल्यावर राहतात. दुसऱ्यावर केशरबाई म्हणून भाडेकरू ठेवल्यात, साताऱ्याकडच्या. त्या आणि त्यांची मुलगी मिळून ट्रान्सपोर्टवाल्यांना जेवणाचे डबे देतात. तिसरा मजला तू बघितलास तसाच आहे, नुसता हॉल. पप्पांची कंपनी बंद झाल्यापासून ते घरीच असतात. सकाळी तिसऱ्या मजल्यावर चढतात आणि तळोज्याच्या धुराड्यांकडं बघत बसतात.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. महापालिकेची दुसरी नोटीस आली. पहिली तुझ्या तक्रारीवरून आली होती, ती पप्पांनी टीव्हीमागं सारली. ही मात्र दारावर चिकटवून गेले. आपल्याला परवानगी तळमजला आणि वर एक मजला एवढीच, वरचे दोन विनापरवाना, ते मुदतीत नियमित करून घ्या, नाहीतर पाडू, असं लिहिलंय. घर माझ्या नावावर म्हणून नोटीसही माझ्या नावानं. येणारा-जाणारा दारात थांबून माझं नाव वाचतो.

हौसेराव म्हणून एक एजंट आहे, झेरॉक्सच्या दुकानात बसून फाईली करतो. तो म्हणतो, काम होईल, फक्त घर मजबूत आहे असा लायसन्सवाल्या इंजिनियरचा दाखला पाहिजे. त्यानं दोघं आणले. पहिला तळमजल्यावरनंच परत गेला. दुसरा वरपर्यंत जाऊन आला. मी चहा टाकला होता, तो थांबला नाही.

तू घरातली. हे घर तुझ्यासमोर उभं राहिलं. जोत्याची तपासणी करायला साहेब आले होते तेव्हा त्यांच्या टेपचं दुसरं टोक तूच धरलं होतंस, शाळेच्या ड्रेसमध्ये. एक सही कर अक्षू. मागचं मी काढत नाही. तू बोललीस ते घरात बोलायचं होतं, ऑफिसात नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

घराला काही झालेलं नाही. स्वयंपाकघरातल्या खांबाला चीर आहे, पण ती प्लास्टरची. सुगतनं दोनदा सिमेंट भरून घेतलं. न्हाणीघराचं दार लागत नाही, लाकूड फुगलंय. केशरबाईंच्या खोलीत फरशी एका अंगाला जरा उतरलीय. त्या म्हणतात, धुवायला बरं पडतं, पाणी आपोआप दाराकडं जातं.

आणि पप्पांचं तुला सांगते. तो हॉल त्यांनी भाड्यासाठी बांधला नाही. सहा डिसेंबरला गावची माणसं येतात. लहानपणी हे त्यांच्या बाबांबरोबर आले होते तेव्हा दादरला फुटपाथवर गोणपाट पांघरून झोपले होते. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, आपलं घर झालं की गावचं एकही माणूस त्या दिवशी उघड्यावर झोपणार नाही. यंदाही सगळ्यांना निरोप गेलेत. तो मजला पाडला तर हा माणूस उभा राहणार नाही.

कागद जोडलेत. पेन्सिलीनं फुली केलीय तिथं सही. पप्पांना यातलं काही माहीत नाही. उत्तर केशरबाईंच्या नावानं पाठव.

तुझी आई


कळंबोली
२३ नोव्हेंबर

अक्षू,

पाकीट मिळालं. कागद कोरे परत आले.

तू लिहिलंस, ‘आई, माझ्या सहीनं पाडकाम थांबेल, पडणं थांबणार नाही.’ हे वाचून मी बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसले. तुझं शिक्षण आम्ही केलं ते असं ऐकायला का, असंही मनात आलं. लिहिते आहे कारण आलं होतं.

तू सांगितलंस म्हणून काच बसवली. पप्पा बाहेर गेले तेव्हा फ्रेमवाल्याकडून बारीक पट्टी कापून आणली आणि खांबाच्या चिरेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवली. तू म्हणतेस, खांब हलत असेल तर काच तडकेल, नसेल तर तशीच राहील. मोनालीनं विचारलं, आई हे काय. मी म्हटलं, मुंग्यांसाठी आहे. तिला पटलं नसावं.

काच तडकली. पण ते पातेलं लागल्यामुळं. वरच्या फळीवरनं काढताना माझ्याच हातून लागलं. काल दुसरी बसवलीय.

तू केशरबाईंबद्दल विचारलंस. त्यांना आत्ता जा म्हणून कसं सांगू. कळंबोलीत डबे करायला खोली कोण देतो. सकाळी वर फोडणीचा आवाज आला की मला बरं वाटतं, घरात राबतं माणूस आहे असं.

हौसेराव रोज सुगतला फोन करतो. महिनाअखेर जवळ आली. सुगत यार्डातल्या कामावरनं येतो, जेवतो, आणि ताटावरनं उठताना माझ्याकडं बघतो. तुला पत्र लिहिलं हे त्याला कळलंय. केशरबाईंच्या मुलीनं पाकीट त्याच्यासमोरच माझ्या हातात दिलं. तो रागावला नाही. उलट म्हणाला, काय म्हणते ताई. मी म्हटलं, नाही म्हणते. त्यावर तो गप्प बसला, आणि त्याचं गप्प बसणं मला आवडलं नाही.

अजून एकदा विचार कर. मी पाया पडते असं लिहिणार होते, पण आईनं मुलीला असं लिहू नये.

आई


कळंबोली
१ डिसेंबर

अक्षता,

पातेलं लागलं नव्हतं.

पहिली काच तिसऱ्या दिवशी सकाळी तडकलेली दिसली. फळीवरनं काही काढलं नव्हतं, फळीला हातही लावला नव्हता. तुला तसं लिहिलं कारण मलाच ते खरं वाटायला हवं होतं. दुसरीही तडकली. आता चिरेत माझी बांगडी अडकते. न्हाणीघराच्या दाराचं लाकूड तासून घेतलं, तरी ते पुन्हा अडकतं. लाकूड फुगत नाही, चौकटच तिरकी होतेय. हे मला कळत होतं. पहिल्या पत्राच्या वेळीही कळत होतं.

आता दुसरं सांगते. सुगतनं तुझ्या नावाचा दाखला दिलाय.

कपाटात तुझ्या लायसन्सची झेरॉक्स होती. ती त्यानं हौसेरावला दिली. हौसेरावनं तुझ्या नावाचा गोल शिक्का करून आणला आणि खाली सही मारली. शुक्रवारी फाईल आत गेली. अर्जावर सही माझी आहे. मी वाचता येणारी बाई, सातवीपर्यंत शिकलेली, आणि मला ‘इथं, इथं आणि इथं’ म्हणत सुगतनं पानं उलटली तशी मी सह्या करत गेले. घरी आल्यावर हौसेरावनं परत दिलेली ती झेरॉक्स त्याच्या खिशात दिसली तेव्हा विचारलं.

तो म्हणाला, “आई, तिनं आपल्याला एकदा बुडवलंय. आता तिच्या नावानं तरू.”

मी म्हटलं, “आणि घर पडलं तर जेलमध्ये कोण जाईल?”

तो म्हणाला, “पडत नाही.” आणि टीव्ही लावला.

अक्षू, सुगत वाईट नाही गं. त्याला सगळे बाजूनं दाबतायत. मोनालीच्या घरच्यांना त्यानं चार मजले दाखवून लग्न केलंय. पप्पा त्याला म्हणतात, तू मुलगा असून तुला एक कागद करता येत नाही. पण त्याला वाचवायला तुला खड्ड्यात ढकलायचं आणि ते घर डोक्यावर घेऊन त्या केशरबाईंनी पोळ्या लाटायच्या, हे माझ्यानं होईना.

आज मी ऑफिसात गेले. एकटी. कुणाला सांगितलं नाही, भाजीला जाते म्हटलं. खिडकीत एक बाई होत्या, तिशीच्या आसपासच्या. मी म्हटलं, मला माझा अर्ज परत पाहिजे. त्यांनी फाईल काढली, चाळली आणि विचारलं, कागदात काही चूक राहिलीय का. मी म्हटलं, “दाखल्यावर सही आहे ती माझ्या मुलीची नाही. ती नाही म्हणाली होती.”

त्यांनी फाईल मिटली. मला आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, ताई, हे लिहून द्यावं लागेल, आणि लिहून दिलं की ज्यानं दाखला लावला त्याला विचारणा होणार. घरी बोलून या हवं तर. मी म्हटलं, घरी गेले तर परत येणार नाही. तिथंच बसून लिहिलं. अर्ज मागं घेते. दाखला खोटा आहे. घर हलतंय, पाहणी करावी, ही विनंती. सुगतचं नाव लिहिलं नाही, एजंटामार्फत असं लिहिलं. पण त्यांना ते निघेलच. पोच घेतली. एका पोराला मी आज ऑफिसात दिलं, अक्षू. दुसऱ्या पोरासाठी दिलं. हे कुणाला सांगू, तुझ्याशिवाय.

पाहणीची तारीख अठराची मिळाली. इंजिनियर लोकांना मतदार याद्यांच्या कामाला लावलंय म्हणे. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, तोवर घर रिकामं ठेवा. मी त्यांना हो म्हटलं. पण पाच तारखेला गावची माणसं येणार आहेत. पप्पांनी तिसऱ्या मजल्यावर आजच चटया टाकून घेतल्या. टाकी भरून ठेवलीय. तू एकदा म्हणाली होतीस, पाण्याला किती वजन असतं ते लोकांना कळत नाही. आज ती टाकी भरत होती तेव्हा मी शेवटपर्यंत खाली आवाज ऐकत उभी राहिले.

मी काय करू ते सांग. तेजश्रीच्या फोनवर सांग, मी तिच्याकडं रोज दुपारी जाईन.

आई


कळंबोली, बुद्धविहार
७ डिसेंबर

अक्षू,

तू फोनवर सांगितलंस तसं केलं. आता त्याचं काय झालं ते ऐक. फोनवर सांगणार होते, पण तेजश्रीच्या घरी तिची सासू बसलेली असते.

आधी केशरबाईंशी बोलले. त्यांना खांब दाखवला, चिरेत बोट घालायला लावलं. त्या बोट काढून पदराला पुसत राहिल्या. म्हणाल्या, “बाई, हे तुमाला कधीपासनं ठाव हाय?” त्यांनी त्याच दिवशी शेगडी बांधली आणि मुलीला घेऊन मागच्या गल्लीत एका खोलीत गेल्या. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचं बरोबर आहे.

घरात सांगितलं चार तारखेला, जेवणं झाल्यावर. टाकी रिकामी करा, वरती कुणी जायचं नाही, मी अर्ज मागं घेतलाय, असं एका दमात सांगितलं. सुगतला ऑफिसातनं फोन येऊन गेला होता, त्याचं कारण त्याला तेव्हा कळलं. हौसेराव दोन दिवस दुकानात आलेला नाही म्हणे. मोनालीनंच बॅग भरली. दोघं रबाळ्याला तिच्या माहेरी गेले. दारातनं तो फक्त म्हणाला, “तुला एकच मूल आहे, आई. ते नाशिकला आहे.”

पप्पा जेवणाच्या ताटावर बसून राहिले. मग म्हणाले, “उद्या माणसं येणार आहेत.” एवढंच. जणू मी काही बोललेच नव्हते.

पाच तारखेला दुपारी टेम्पो आला. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची मुलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, प्रवासानं आंबलेले. तुझी राजाबाई आत्या पुढं. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, घर धोक्यात आहे, विहारात सोय केलीय, तिकडं चला. विहाराच्या कमिटीला मी आधीच विचारलं होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पप्पा मागनं आले आणि म्हणाले, “आत या. हिचं डोकं फिरलंय.”

आत्या म्हणाली, वहिनी, आमी काय जास्त दिवस राहणार हाय का, एक रात्र तर झोपायचं. आणि ती आत शिरली. तिच्यामागं आणखी दोघी. माझा कुणाला हात लावायचा धीर झाला नाही. मी पळत जिन्यापाशी गेले आणि खालच्या पायरीवर बसले. कठडा दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, “ज्याला वर जायचं त्यानं माझ्यावर पाय देऊन जावं.”

तेवढ्या माणसांत मी अशी बसलेली. डोक्यावरचा पदर पडलेला. लग्न होऊन या घराण्यात आले तेव्हापासून मोठ्या माणसांपुढं मी मान वर केली नव्हती. पप्पा आले, मला उठ म्हणाले. नाही उठले. त्यांनी दंड धरला. सोडून दिला.

शेवटी शिवरामकाका पुढं आले. तू त्यांना विसरली असशील, पप्पांचे थोरले चुलतभाऊ, आता काठी घेऊन चालतात. ते माझ्याकडं बघत होते, बोलले मात्र पप्पांशी.

“सिताराम, मी हिला ओलांडून वर जाणार नाही. आणि मी गेलो नाही तर कोणी जाणार नाही.”

माणसं विहारात गेली. पप्पा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. सगळे गेल्यावर मी पायरीवरनं उठले, तेव्हा ते माझ्या बाजूनं वर गेले. तिसऱ्या मजल्यावर. अंथरलेल्या चटयांवर एकटेच बसले.

काल सहा तारीख. गेली इतकी वर्षं हे चुकले नव्हते, काल दादरला गेले नाहीत. अजून वरच आहेत. मी डबा जिन्यात ठेवते, भाकरी घेतात, भाजी ठेवतात. मी विहाराच्या मागच्या खोलीत झोपते आणि दिवसभर रस्त्याच्या पलीकडे चहावाल्याच्या बाकावर बसून घराकडं बघते. घर उभं आहे. तसंच, सरळ. ओळखीची माणसं जाता-जाता विचारतात, काय भिमाबाई, पडलं का. एकजण म्हणाला, सांगा बरं का, आम्ही बघायला येऊ.

अक्षू, घर पडलं नाही तर मी वेडी ठरते. पडलं तर हे आत आहेत. मी बाकावर बसून काय मागू, ते मला कळत नाही.

तू येते म्हणालीस. तू समोर आलीस तर ते हट्टानं आणखी वर बसतील, हे तूच म्हणालीस आणि ते खरं आहे. पण अठरा तारीख फार लांब आहे. तुझ्या शब्दाला तिथं काही किंमत असेल तर ऑफिसात कळव. घरात माणूस आहे म्हणावं. तुझ्या नावाचा खोटा दाखला गेला होता, तेही तूच कळव, मी काही म्हणणार नाही. सुगतचं व्हायचं ते होऊ दे. आधी हे खाली येऊ देत.

आई


कळंबोली
१२ डिसेंबर

अक्षू,

तुझ्या मेलनं काम झालं. पाहणी अकराला ठेवली, असा खिडकीतल्या बाईंचा तेजश्रीकडं फोन आला. त्यांना मी तोच नंबर दिला होता.

हे ऐकून मला धीर यायला पाहिजे होता. झालं उलटंच. पाहणीला माणसं येणार, आणि हे वर बसलेले. त्यांना पोलीस बोलावून उतरवतील. चार माणसांनी धरून, गल्लीतल्या सगळ्यांच्या समोर. तळोज्याच्या कंपनीत आयुष्यभर कुणाच्या तोंडाला न लागलेला माणूस. ते मला बघवलं नसतं. म्हणून दहाला दुपारी मी वर गेले. तुला आधी सांगितलं नाही, तू जाऊ दिलं नसतंस.

दुसऱ्या मजल्यावर केशरबाईंच्या खोलीत फरशीच्या दोन ओळी उचकटून वर आल्या होत्या. भिंतीला पोपडे नाहीत, उभ्या भेगा. मी भिंतीला हात न लावता चढले.

ते खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, खाली जा. मी चटईवर बसले. ते परत म्हणाले, खाली जा, भिमा. मी म्हटलं, तुम्ही उतरणार नाही ना, मग मी पण इथंच. ते रागावले. मग समजावून सांगायला लागले. मग माझ्या शेजारी येऊन टेकले. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही दोघं इतका वेळ नुसते शेजारी बसलो नव्हतो कधी, कायम काहीतरी काम असायचं. ते म्हणाले, माझ्या बाबांना मी त्या फुटपाथवर थंडीनं कुडकुडताना बघितलंय. मी म्हटलं, मला माहीत आहे. ते म्हणाले, मी काही चोरी करून नाही बांधलं. मी म्हटलं, तेही माहीत आहे.

आणि मग आवाज आला. मोठा नाही. बोटं मोडावीत तसा, भिंतीच्या आतनं. आम्ही दोघांनी ऐकला. थोड्या वेळानं परत, या वेळी पायाखालनं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी लिहीत नाही. त्यांनी उठून माझा हात धरला. जिना उतरताना ते मला भिंतीच्या बाजूला येऊ देत नव्हते. चप्पलही घालायची राहिली.

काल सकाळी पाहणी झाली. मॅडम इंजिनियर आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या, डोक्यावर हेल्मेट, बरोबर दोन माणसं. त्या पहिल्या मजल्यापर्यंतच गेल्या आणि माणसांना तिथूनच मागं बोलावलं. स्वयंपाकघरातल्या खांबापाशी मात्र बराच वेळ वाकून होत्या. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही शेजाऱ्यांना घर सोडायला सांगितलं आणि रस्त्यावर पट्टी बांधून घेतली. वरचे दोन मजले सोमवारपासून हातानं उतरवणार, मशीन लावणार नाहीत, हादऱ्यानं सगळंच येईल म्हणाल्या. खालचं राहील की नाही, ते नंतर ठरेल. त्यांना वाटत नाही राहील असं.

सुगत आला होता. कोपऱ्यावर उभा होता, जवळ आला नाही. त्याला सोमवारी जबाबाला बोलावलंय. मी त्याच्याकडं गेले तर तो दोन पावलं मागं सरला. मग थांबला. मी त्याचा शर्ट नीट केला, त्यानं करू दिला. तू त्याच्यासाठी जे करता येईल ते कर, आणि करता येत नसेल तर करू नको. हे मी मनापासून लिहितेय.

आम्ही केशरबाईंकडं आहोत. त्यांनीच निरोप धाडला, भांडी घासायला या आणि राहा म्हणाल्या. तुला यायचं असेल तर तिथं ये.

पाहणीचं एक राहिलं. कागद भरताना मॅडमनी विचारलं, एवढं घर तुम्ही आधीच रिकामं केलं, सहसा कुणी करत नाही, हे कुणाच्या सांगण्यावरून केलं. मी काही म्हणायच्या आत हे पुढं झाले. अनवाणीच होते.

“माझ्या मुलीच्या,” म्हणाले. “दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं तिनं. इंजिनियर आहे.”

मॅडमनी नाव विचारलं. त्यांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, लिहून घेता येईल असं. मॅडमनी लिहिता लिहिता सहज विचारलं, त्या इथंच राहतात का.

हे म्हणाले, “राहत होती. मी घालवली.”

मॅडमनी पेन थांबवलं, मग पान उलटलं. अक्षू, यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. ते बोलले तसंच लिहिलंय.

आई